घरचं ग्रुप डिस्कशन

दरवर्षी जूनच्या सुमारास बेलापूरच्या एका कॉलेजातून फोन येतो. "मॅडम, बिझनेसच्या कोर्सला नवीन मुलं आली आहेत, त्यांना काहीतरी प्रॅक्टिकल सांगा." मी इस्त्रीची साडी नेसून जाते. सगळी पुस्तकं पहिल्याच दिवशी विकत घेऊ नका, असं सांगते. टक्केवारी तोंडी काढायला शिका, एक्सेलला घाबरू नका, पहिल्या आठवड्यात जो डबा शेअर करेल त्यालाच तीन वर्षांचा प्रोजेक्ट-पार्टनर करून टाकू नका. मुलं माना डोलावतात आणि बाकाखाली मोबाइल बघतात. मला त्यांचा राग येत नाही. त्यांच्या वयात मला इतक्या लोकांनी इतका सल्ला दिला होता की तो सगळा मी मनावर घेतला असता, तर आज करावे गावात वीट-रेतीच्या पत्र्याच्या ऑफिसात बसून "हॅलो, रेती चार ब्रास की पाच?" असं विचारत असते. कॉलेजात सांगता येत नाही अशी ती हकिगत इथे लिहून ठेवते आहे.

आमचं घर करावे गावात, खाडीकडे उतरणाऱ्या आळीत. शेती होती ती नव्या शहरात गेली, तिच्या जागी आमच्या वाट्याला वरच्या मजल्यावरच्या भाड्याच्या दोन खोल्या आल्या. खाली आम्ही, वर भाडेकरू, आणि मधल्या जिन्यावर आईचं दुकान. दुकान म्हणजे काय, तर जवळा, सुकट, सुके बोंबील भरलेल्या टोपल्या आणि एक तागडी. आमच्या घराला कायम तो वास असायचा, पण तो वास आहे हे आम्हाला पाहुण्यांच्या नाकावरूनच कळायचं. सकाळी तांदळाच्या भाकरी थापण्याचा आवाज, मग पलीकडे उभ्या राहणाऱ्या टॉवरांचा पायलिंगचा धाड-धाड, आणि दिवसभर मोठ्या बाबांचे डंपर रिव्हर्स घेताना वाजणारी ती पिपाणीसारखी धून. संध्याकाळी आळीच्या टोकाला बेंजो पार्टीची प्रॅक्टिस सुरू व्हायची. या सगळ्या गोंगाटात मी बारावी कॉमर्सचा अभ्यास केला. आजही मला शांत लायब्ररीत एक पान वाचता येत नाही, कोणीतरी डंपर मागे घ्यावा असं वाटत राहतं.

मोठे बाबा म्हणजे माझ्या बाबांचे थोरले भाऊ. बाबा त्यांना दादूस म्हणायचे. बाबा नोकरीतले, पंपहाउसवर ड्युटीला, अबोल. दिवसाकाठी जे काही बोलायचे ते बहुतेक नळाशी. सगळं बोलणं मोठ्या बाबांकडे आलं होतं. पांढरा शर्ट, गळ्यात साखळी, आणि आवाज असा की समोरच्या डंपरच्या ड्रायव्हरला हॉर्नची गरज पडू नये. वीट, रेती, खडी पुरवायचा त्यांचा धंदा ऐन भरात होता. आळीच्या तोंडाशी त्यांचं पत्र्याचं ऑफिस होतं आणि त्या ऑफिसात माझ्या बारावीनंतरच्या उन्हाळ्यात एक गोल फिरणारी खुर्ची आली. काळी, उंच पाठीची, अंगावर प्लॅस्टिकचं वेष्टण तसंच. मोठे बाबा स्वतः लोखंडी घडीच्या खुर्चीवर बसायचे, पण या खुर्चीला कोणाला हात लावू द्यायचे नाहीत. "ती वैजूची," म्हणायचे. वैजू म्हणजे मी.

झालं होतं असं, की वाशीच्या एका कॉलेजात बिझनेस मॅनेजमेंटचा नवा कोर्स निघाला होता आणि मी त्याचा अर्ज भरून आले होते. मार्क बेताचे, जागा थोड्या, आणि निवड नुसत्या मार्कांवर नाही. आधी ग्रुप डिस्कशन, मग इंटरव्ह्यू. मोठ्या बाबांना हे समजलं तेव्हा ते ओटीवर बसून चिंबोरीचा डेंगा, म्हणजे खेकड्याची नांगी, फोडत होते. "बिजनेस शिकाला तीन वरसं?" ते म्हणाले. "मी तुना तीन दिवसांत शिकवतू. माल चांगला दे, वेळेवर दे, आन् फोन आदी उचल. संपला कोर्स." मग डेंगा चोखून झाल्यावर त्यांनी निकाल दिला. "जा, परीक्षा दे. नाव लागलं त शिक. नाय लागलं त दुसऱ्या दिवशी त्या खुर्चीवर बस." बाबांनी मान हलवली. आमच्या घरात बाबांनी मान हलवली की कागदावर शिक्का बसल्यासारखं असायचं. मला ती खुर्ची तेव्हापासून रोज येता-जाता दिसायची. पत्र्याच्या उन्हात तिचं प्लॅस्टिक चमकायचं.

मग सल्लागार सुरू झाले. त्यांचा मुख्य माझा बोनकोड्याचा मामेभाऊ परेश. परेशने असाच एक कोर्स मुंबईत एक वर्ष केला होता आणि पहिल्याच वर्षी तो कोर्स आणि परेश एकमेकांपासून वेगळे झाले होते. पण आमच्या सगळ्या नात्यात कॉलेजच्या आत जाऊन परत आलेला तो एकटाच. "टेन्शन नको घेऊ," तो म्हणाला, "मी तुला फुल तयार करतो. रोज गुलाबी पेपर वाचायचा, ब्लेझर घालायचा, आणि जीडीत सगळ्यात आधी बोलायचं. जो आधी बोलतो तो अर्धा पास." जीडी म्हणजे ग्रुप डिस्कशन. ते त्याने आईला समजावून सांगितलं तेव्हा आई म्हणाली, "म्हंजे सगल्यांनी बसून भांडाचा? त्याला कॉलेज कनाला?"

गुलाबी पेपर रोज घरी येऊ लागला. मी तो वाचायचे, निम्मा कळायचा नाही, आणि मी खाली ठेवला की तो थेट आईच्या टोपलीजवळ जायचा. त्या उन्हाळ्यात सीवूड्सच्या बऱ्याच बायकांनी शेअर बाजारात गुंडाळलेला जवळा घरी नेला. ब्लेझरचं मात्र अवघड होतं. आमच्या घरात कोट नावाची वस्तू फक्त लग्नाच्या फोटोत होती आणि तोही फोटोग्राफरचा. शेवटी मोठ्या बाबांनीच तोडगा काढला. त्यांनी बेंजो पार्टीच्या मास्तरकडून एक कोट मागून आणला. मरून रंग, खांद्यावर सोनेरी जर, छातीवर दोन्ही बाजूंनी सोनेरी नागमोडी. आईने बसून ती सगळी जर ब्लेडने उसवली, पण तिथला रंग खालून तसाच गडद राहिला, त्यामुळे माझ्या छातीवर नागमोडीची सावली कायम राहिली. बाह्या बोटांच्या टोकापर्यंत. कोट टांगायला मोकळी जागा एकच होती, जिन्यावर, बोंबलांच्या वर.

वरच्या खोलीत राहणारे शिंदेकाका साताऱ्याकडचे, वाशीच्या मार्केटात माथाडी. त्यांनीही सल्ला दिला. "पोरी, तितं कुनी काय इचारलं तर घाईनं बोलू नगंस. आदी ऐकून घ्यावं. आन् पायांत चप्पल असली घाल की उभं ऱ्हायला तरास न्हाई." हा त्यातला बरा सल्ला होता, पण उभं राहायचंच नव्हतं, तिथे खुर्च्या होत्या, म्हणून परेशने तो बाद केला.

इंटरव्ह्यूच्या आधीच्या रविवारी परेशने जाहीर केलं की आता रिहर्सल. आमच्या पुढच्या खोलीत सतरंजी पसरली. मोठे बाबा, बाबा, शिंदेकाका, मी गोल बसलो. आई स्वयंपाकघराच्या दारात, कारण भात चुलीवर होता. परेश हातात घड्याळ घेऊन परीक्षक. घरात आवाज चढायची शक्यता दिसली की मुलीने पाणी आणून ठेवायचं, ही आमच्या आळीची रीत. कोणी सांगत नाही, आपोआप होतं. म्हणून मी सगळ्यांपुढे पेले ठेवले. आणि मग परेशने विषय दिला: "लग्नाच्या हळदीवरचा खर्च कमी करावा का?" हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. मोठ्या बाबांच्या मुलाचं, भावेशचं लग्न दिवाळीनंतर ठरलेलं, आणि आम्हा आगऱ्यांत लग्नापेक्षा हळद मोठी. मोठ्या बाबांनी डीजे आणि बेंजो दोन्ही सांगून ठेवले होते, आणि ही गोष्ट गावातल्या कुत्र्यांनाही माहीत होती. फक्त परेशला नव्हती, कारण तो बोनकोड्याचा.

परेशने चिठ्ठ्या टाकल्या. बाबांना आलं 'खर्च कमी करावा'. "काका, बोलायला पाहिजे," परेश म्हणाला, "जो बोलत नाही त्याला मार्क नाहीत." माझ्या बाबांना आयुष्यात पहिल्यांदाच कोणीतरी बोलण्याचे मार्क देणार होतं. ते घसा खाकरून सुरू झाले आणि मग थांबेनात. इतक्या वर्षांचं साठलेलं पाणी, एकदम व्हॉल्व्ह उघडला. "दादूस, लोकं आपलं मटन खातान, आन् आपल्यालाच नावं ठेवून जातान. डीजेच्या आवाजान् मागच्या हळदीला कोनाचं काय आयकू नाय आलं. नवरीच्या मामाला मी तीनदा नाव इचारलं." मोठे बाबा आधी हसले. मग हसू गेलं. "म्हंजे माज्या पोराच्या हळदीला तू येनार नाय?" ते म्हणाले. परेश म्हणाला, "मोठे बाबा, पर्सनल नाही घ्यायचं, मुद्द्यावर." शिंदेकाका समेट करायला मध्ये पडले आणि म्हणाले, "आवो, आमच्याकडं हळदीला निस्ती हळदच लावत्यात." "मग ऱ्हावाचा व्हता ना तिकरंच!" मोठे बाबा गरजले. आणि आगीत तेल म्हणून आई दारातून म्हणाली, "हळदीचं बोलतच हाव त सांगते. माज्या लग्नात माज्या माहेरच्यांच्या पंगतीला कोलंबी पोचलीच नाय. दादूस वारत व्हते." म्हणजे पंगतीत वाढायला मोठे बाबाच होते.

मोठे बाबा उठले. पुढ्यातला पेला तसाच भरलेला. आमच्या आळीत पाणी न पिता उठणं म्हणजे काय हे सांगायला नको, पण बाहेरच्यांना सांगते: बोलणं बंद. ज्याच्या घरचं पाणी नाकारलं, त्याच्या घरचं पाणी पोटात जाईपर्यंत एक शब्द नाही. आणि एकदा पाणी प्यायलं की मग राग धरून बसायची सोय नाही. परेशने घड्याळ बघितलं आणि म्हणाला, "बॉडी लँग्वेज चांगली होती." आई त्याला भात न वाढता पाठवणार होती, पण भावाचा मुलगा म्हणून वाढला.

त्या रात्री बाबा परत अबोल झाले, फक्त एवढंच म्हणाले, "ज्या कोर्सनी जायच्या आदीच घर फोरलं, त्यो झाल्यावर काय करील? उद्याच जाऊन खुर्चीवर बस. दादूसचा राग जाईल." मी रडले. खरंच रडले, उशी ओली होईपर्यंत. खुर्ची वाईट नव्हती, मोठे बाबा तर मुळीच वाईट नव्हते. पण मला त्या गुलाबी पेपरातला न कळणारा निम्मा भाग कळून घ्यायचा होता. सकाळी आईने बाबांपुढे भाकरी ठेवली आणि म्हणाली, "पोरीला परीक्षा देऊन येऊ द्या. शबुद दिला व्हता. नाव नाय लागलं त म्या सोता नेऊन बसवीन." बाबांनी मान हलवली.

वाशीच्या त्या कॉलेजात एका लांब टेबलाभोवती आम्हा मुलांना बसवलं. भिंतीलगत दोन सर आणि एक मॅडम. विषय होता, कॉम्प्युटरमुळे माणसांचं काम जाईल का. सर "स्टार्ट" म्हणाले आणि सगळ्यांनी एकदम तोंड उघडलं. प्रत्येकाच्या घरी एकेक परेश होता हे मला तेव्हा कळलं. "आय वुड लाइक टू इनिशिएट," असं निदान तिघे एका सुरात म्हणाले. खऱ्या ब्लेझरातला एक उंच मुलगा टेबलावर हात आपटत होता, दुसरा त्याच्याहून वर आवाज नेत होता. मला इंग्रजी समजत होतं, पण माझं वाक्य जुळेपर्यंत मुद्दा पुढे निघून गेलेला असायचा. मी कोटाच्या बाह्यांत बोटं लपवून बसले. मग त्या उंच मुलाचे कान लाल झाले. ते कान मी ओळखत होते. रविवारी आमच्या सतरंजीवर मोठ्या बाबांचे तसेच दोन कान मी पाहिले होते. आता हा उठणार आणि निघून जाणार, असं मला अगदी स्पष्ट दिसलं.

टेबलाच्या मध्ये स्टीलचा जग आणि पेले होते. मी उठले. ठरवून नाही, हातच उठला. पहिला पेला भरून त्या उंच मुलापुढे धरला. तो बोलता बोलता थांबला, "थँक यू" म्हणाला, आणि प्यायला. दुसरा पेला त्याच्याशी भांडणाऱ्याला. मग पुढच्याला, मग पुढच्याला. पाणी पिणाऱ्याला ओरडता येत नाही, एवढी साधी गोष्ट आहे. फेरी पूर्ण झाली तेव्हा खोलीत पंख्याचा आवाज ऐकू येऊ लागला होता. कोपऱ्यात एक बारीक चष्मेवाली मुलगी होती, जिच्या तोंडून तोपर्यंत एक अक्षर निघालं नव्हतं. मी म्हटलं, "आता एकेक करून बोलूया ना? आधी ही." ती बोलली, आणि छान बोलली. मग बाकीचे बोलले, मी जग घेऊन उभी. वेळ संपल्याची बेल वाजली, आणि बेलसरशी माझ्या डोक्यात प्रकाश पडला की मी स्वतः कॉम्प्युटरबद्दल अवाक्षर काढलेलं नाही. मला ती काळी खुर्ची डोळ्यांपुढे दिसली, प्लॅस्टिकसकट.

इंटरव्ह्यूला मॅडमनी पहिलंच विचारलं, "तुम्ही तर एकही मुद्दा मांडला नाही."

"नाही मॅडम."

"मग केलंत काय?"

"पाणी दिलं."

सर हसले, मग हवा हुंगत इकडेतिकडे बघू लागले. "इथे कसला वास येतोय?" खोटं काय बोलणार? "सुके बोंबील, सर. आमचं दुकान आहे, कोट त्यांच्यावर टांगला होता." मला वाटलं आता बाहेर काढतील. पण सरांनी खुर्ची पुढे ओढली आणि बोंबलाचा भाव काय, पावसाआधी तो का चढतो, असं विचारत सुटले. हे मला येत होतं. आगोटीला, म्हणजे पावसाळ्याची बेगमी करायच्या दिवसांत, बायका कशी गर्दी करतात. आई घासाघीस करणाऱ्या बाईला वर मूठभर देते, आणि न करणारीला पुढच्या खेपेला न मागता देते, म्हणून दोघीही परत येतात. मी बोलत राहिले. मराठीत, मध्येच इंग्रजीत, हात हलवत. बाह्या बोटांवरून उडत होत्या. शेवटी मॅडमनी कोटावरच्या नागमोडीकडे बोट केलं, "आणि हे डिझाइन?" "बेंजो पार्टी," मी म्हटलं. आता लपवण्यासारखं काही उरलंच नव्हतं.

यादीत माझं नाव होतं. खालून तिसरं, पण होतं. घरी पेढे आले, आई नाचायचीच बाकी राहिली, परेशने फोन करून श्रेय घेतलं. बाबा मात्र ओटीवर बसून आळीच्या तोंडाकडे बघत होते. "दादूसला कोन सांगनार?" ते म्हणाले. सांगायला बोलावं लागणार, आणि बोलणं तर बंद.

मी तांब्या भरला, त्यावर पेला उपडा घातला आणि भर दुपारी निघाले. तांब्या घेऊन आळीतून चाललेली मुलगी दिसली की लोक गप्प बसत नाहीत. "काय गो वैजू, घरचा नल बंद परला काय?" एकजण ओरडला. "खारीकरं चाललीस काय?" दुसरा. तांब्या घेऊन खाडीकडे लोक एकाच कामाला जातात. मी मान खाली घालून ऑफिसात शिरले. मोठे बाबा लोखंडी खुर्चीवर, शेजारी ती काळी खुर्ची. त्यांनी मला बघितलं, तांब्याला बघितलं, आणि भिंतीवरच्या कॅलेंडरकडे तोंड केलं. मी पेला भरून पुढे धरला. हात दुखायला लागला तरी धरून ठेवला. बाहेर डंपर मागे येत होता, त्याची पिपाणी वाजून थांबली. मग मोठ्या बाबांनी पेला घेतला आणि एका दमात रिकामा केला.

"लागलं?" ते म्हणाले.

"लागलं."

"काय बोललीस तिकरं?"

"काहीच नाही. पाणी दिलं सगळ्यांना."

ते असे हसले की पत्रा थरथरला. "आपल्या घरान् न बोलता कोनी जिंकलंय काय गो आजवर?" हसता हसता त्यांनी डोळे पुसले, आणि पुसून झाल्यावरही थोडा वेळ हात डोळ्यांवरच ठेवला. मग नजर त्या खुर्चीकडे गेली. माझ्याही लक्षात आलं, तेव्हाच आलं. मोठ्या बाबांना मुलगी नव्हती. फोन उचलायला त्यांना दहा माणसं मिळाली असती. त्यांना दिवसभर शेजारी बसून बोलणारं कोणीतरी हवं होतं. मला फार वाईट वाटलं, आणि मी पेल्यात आणखी पाणी ओतलं. तेही ते प्यायले.

"चल," ते म्हणाले. "तुज्या बापाला सांगाचा हाय, माजा मुद्दा राहिला व्हता." त्या दुपारी ते आमच्याकडे आले, जेवले, आणि हळदीचं ग्रुप डिस्कशन जिथे थांबलं होतं तिथून पुढे सुरू झालं. बाबाही बोलले. डीजे राहिला, पण कोळंबी आईच्या माहेरच्यांना आधी वाढायची असं ठरलं.

संध्याकाळी आळीत डंपर आला. रिव्हर्स घेत, पिपाणी वाजवत, आमच्या दारापर्यंत. मागे हौद्यात रेतीवर ती काळी खुर्ची उभी होती, आणि तिला धरून मोठे बाबा. "शिकाला बसाला लागंल ना?" ते वरून ओरडले. "तुज्यासाठी घेतलेली, आता कोनाला देऊ?" शिंदेकाकांनी आणि बाबांनी ती उतरवली. मी आनंदाने प्लॅस्टिक फाडायला गेले तर वरून गर्जना आली, "ए! काडू नको! खराब व्हईल!"

मोठे बाबा आता नाहीत. भावेशची मुलगी यंदा याच कोर्सला जाते आहे, आणि काल ती माझ्याकडे सल्ला मागायला आली होती. मी तिला पाणी दिलं, आणि ती आधी काय बोलते ते ऐकून घेतलं. खुर्ची अजून माझ्याकडे आहे. एक चाक तिरकं झालंय, पाठ उसवली आहे. हे लिहिताना मी तिच्यावरच बसले आहे, आणि जरा हलले की बुडाखालचं प्लॅस्टिक करकर वाजतं.